साठ पायऱ्या

"मावशी, तिसऱ्यांदा भरती झालात! पाय बघा कसे सुजलेत. लघवीची गोळी घेता ना?"

"घेते की गं बाई," खाटेवरच्या मावशी खिडकीकडे बघत म्हणाल्या.

तरुण डॉक्टरीणबाईंचा पारा चढला. हृदय थकलेलं, छातीत पाणी. पुढच्या खेपेला मावशी दवाखान्यापर्यंत पोचतील की नाही, देव जाणे! गोळी दुप्पट करायला तिने पेन काढलं...

"मावशी, शौचालय घरापासून किती लांब?"

पलीकडे स्टुलावर एक उंच माणूस, मांडीवर फॉर्म. रोग्यांच्या घरादाराची चौकशी करायला दवाखान्याने नुकताच नेमलेला समाजसेवक.

"अहो, इथे जीव टांगणीला लागलाय, आणि तुमचं भलतंच!"

"सहावा प्रश्न आहे, डॉक्टर. गाळता येत नाही," तो हसला. हसणं छान होतं मेल्याचं.

मावशी हळूच म्हणाल्या, "तळमजल्यावर आहे. साठ पायऱ्या. गोळी घेतली की दर तासाला उतरायचं... गुडघे साथ देत नाहीत रे. म्हणून घेतच नाही. ही ओरडेल म्हणून बोलले नाही."

डॉक्टरीण थक्क झाली. गोळी पोटात जातच नव्हती, आणि ती दुप्पट करायला निघाली होती! चार महिने तिने छाती तपासली, रक्त तपासलं. या माणसाने एका प्रश्नात दुखणं पकडलं. तिला लाज वाटली. आणि त्याच्याकडे बघतच राहावंसं वाटलं.

घरमालकाच्या हातापाया पडून त्याने मावशींना तळमजल्यावरची खोली मिळवून दिली. दोन महिन्यांनी मावशी तपासणीला चालत आल्या. जुन्या चपला पायात बसत होत्या! डॉक्टरिणीचे डोळे भरून आले.

"तुमचा फॉर्म द्या," ती त्याला म्हणाली. "आज मी विचारणार. घरी कोण असतं?"

"मांजर."

"जेवण?"

"आठवलं तर..."

"तब्येत बिघडली तर कोणाला कळवायचं?"

"ती जागा... रिकामीच आहे."

तिने तिथे स्वतःचा नंबर लिहिला. "पुढे नात्याचा रकाना आहे. काय लिहू?"

त्याचे कान लाल झाले. पेन घेऊन त्याने लिहिलं — 'विचारायचा धीर होत नाही.'

"अरे, आटपा की!" मावशी ओरडल्या. "मागे रांग लागलीय!"

डॉक्टरिणीने पेन परत घेतलं आणि त्याच ओळीखाली लिहिलं, 'माझा होकार आहे.'