कडीजवळची टकटक

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर शेवट तरी जरा बरा केला असता.

माझे मामा सुतार. त्यांची गल्ली अरुंद, घराला घर लागून. मागच्या थंडीत एका पहाटे तिथे पोलीस शिरले. कुणाला तरी शोधत होते. तो माणूस त्या गल्लीत कधी राहिलाच नव्हता. पण ते कळेपर्यंत एका बाजूची सगळी दारं फुटली होती, आणि मामांचा धाकटा भाऊ रस्त्यावर निपचित पडला होता. दार आतून खांद्याने रेटून धरलं, एवढाच त्याचा गुन्हा.

दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

तेव्हापासून गल्लीने एक नियम केला. कुणी कुणाचं दार वाजवायचं नाही. टकटक झाली की मुलं पलंगाखाली शिरायची. म्हणून बाहेरूनच हाक मारायची, "मी आहे हो!" बेकरीवाल्याचा आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या गल्लीतली माणसंही दार उघडायची. हळूहळू लोक त्यावर हसायलाही लागले.

मामांनी दारं दुरुस्त करायला घेतली. सगळी गल्ली मदतीला आली. शिंपीणबाई पॉलिश पेपर घासत बसल्या, बेकरीवाल्याने फळ्या वाहिल्या.

एकच घर राहिलं. धाकट्या मामींचं.

"दार होतं म्हणून हे ते धरून उभे राहिले," मामी म्हणाल्या. "दादा, मला दार नको."

चौकटीला पडदा लावून त्या त्याच्याआड रात्रभर जाग्या बसायच्या. अन्नावरची वासनाच उडाली होती. मामांना एकच घोर लागला होता. भाऊ गेला, आता हीसुद्धा हातची जाणार.

मग ती संध्याकाळ आली...

दिवे नुकतेच लागले होते. मामा घरात चहा पीत होते.

टक... टक...

गल्लीच्या टोकाला. शिंपीणबाईंच्या दारावर.

सगळी गल्ली गप्प झाली. भांड्यांचा आवाज थांबला. रेडिओ बंद झाले. पटापट दिवे विझले. सगळ्यांना वाटलं, तेच आले.

पण बूट वाजत नव्हते. गाडीचा आवाज नव्हता.

टकटक पुढच्या दारावर गेली. मग त्याच्या पुढच्या. काही घाई नाही. वरून खाली... आणि शेवटी कडीजवळ एक.

मामांच्या हातातला कप हातातच राहिला.

धाकटाही मामांबरोबर सुतारकाम करायचा, आणि प्रत्येक नवं दार असंच तपासायचा. बोटाच्या पेरांनी वरून खाली वाजवत यायचा, शेवटची टकटक कडीजवळ. आवाज भरीव आला तर ठीक. पोकळ आला की दार पुन्हा उतरवायचा, मग घरमालकाने कितीही आदळआपट करो.

"अरे, तुला दार बसवायचंय की त्याची नाडी बघायचीय?" मामा चिडवायचे.

टकटक मामांच्या दारावर आली. मामांनी जीव मुठीत धरून दार उघडलं.

बाहेर कुणीच नव्हतं.

आणि टकटक पुढे सरकली... धाकट्या मामींच्या घराकडे.

तिथे तर दारच नव्हतं. नुसता पडदा. तो हललासुद्धा नाही.

तरीही लाकडावर वाजावी तशीच टकटक. वरून खाली. आवाज पोकळ. कडीच्या जागी काहीच वाजलं नाही.

पुन्हा वरून खाली.

पुन्हा...

"दादा," आतून मामींचा आवाज आला. थरथरता, पण स्पष्ट. "हे थांबत नाहीयेत. दार बसवा."

"आत्ता?"

"आत्ता."

मामा गल्लीभर हाका मारत सुटले. "मी आहे हो! बाहेर या!" एकेक दार उघडलं. भीती सगळ्यांच्या तोंडावर होती, पण घरात कुणी थांबलं नाही. मामींसाठी केलेलं दार कधीचं मामांच्या कारखान्यात उभं होतं. चौघांनी ते उचलून आणलं. कुणी दिवा धरला, कुणी बिजागरी. शेवटचा स्क्रू मामींनी स्वतः पिळला.

सगळे वाट बघत उभे राहिले.

वरून खाली... भरीव. आणि कडीजवळ एक.

मामी मटकन खाली बसल्या आणि मोठ्याने रडल्या. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. शिंपीणबाई त्यांच्या सोबतीला राहिल्या, आणि त्या रात्री मामींना झोप लागली.

इथेच संपायला हवं होतं.

पण गेल्या आठवड्यापासून टकटक पुन्हा सुरू झालीय. या वेळी घाईघाईने. सगळी दारं पक्की आहेत, मामांनी स्वतः पाहिली. तरी तो एकेका दारावर जातो. आणि आता फक्त कडीजवळच वाजवतो... बराच वेळ.

मामांनी प्रत्येक दाराला आतून जाड लाकडी आडणा बसवला. का, असं कुणीही विचारलं नाही. काही झालं तर हाक मारायची आणि सगळ्यांनी मिळून बाहेर यायचं, हेही ठरलंय.

काल मामींच्या दाराचा आडणा बसवला. मी लाकूड धरायला गेलो होतो.

"दादा," मामींनी हळूच विचारलं, "हे आता कशाला घाबरलेत?"

मामा स्क्रू पिळत राहिले.