शेंडेफळाचं तेल

यार्डात मालडबे इकडून तिकडे ढकलणारी पाच डिझेल इंजिनं होती. सगळी एकाच कारखान्यातली, एकाच ठेवणीची. डबे जोडणाऱ्या पैलवानानं त्यांना भावंडं करून टाकलं होतं. सगळ्यात जुनं ते थोरलं, सगळ्यात नवं ते शेंडेफळ. पैलवान म्हणजे फुंकर मारली तर उडेल असा माणूस. महिन्यातून एकदा तो पाचही इंजिनांच्या गिअरमधलं तेल बाटल्यांत भरून लॅबमध्ये आणायचा आणि तपासनीस बाईंसमोर ठेवून म्हणायचा, "ताई, पोरांचं रक्त आणलंय. साखर वाढलीय का बघा."

बाईंचं काम सोपं होतं. या इंजिनांत ताकद तेलामार्फत चाकांपर्यंत जाते. चालकानं हँडल शून्यावर आणलं की तेल गिअरमधून निघून जातं आणि इंजिन थांबतं. त्या तेलात धातूचा कीस तर नाही ना, एवढंच पाहायचं; कीस झडपेत अडकला तर तेल आतच राहतं आणि इंजिन ओढत राहतं. चौदा वर्षांत कधी काही निघालं नव्हतं. त्या शुक्रवारी बाईंचं डोकं दुखत होतं. शेंडेफळाची बाटली त्यांनी उघडलीच नाही. मागच्या महिन्याचे आकडे उतरवले, सही ठोकली आणि घरी गेल्या.

सोमवारी सकाळी शेंडेफळ थांबलं, पैलवान डबा जोडायला मध्ये शिरला, आणि थांबलेलं इंजिन हातभर पुढं सरकलं.

पैलवान जागीच गेला. इंजिन चालवत होता त्याचाच मेहुणा, सख्ख्या बहिणीचा नवरा. "हँडल शून्यावर होतं," एवढंच तो प्रत्येकाला सांगत राहिला. पण तेल स्वच्छ असल्याचा अहवाल फायलीत होता. मग गिअर उघडून बघायची गरज कुणालाच वाटली नाही. चालकाचीच चूक ठरली, त्याला घरी बसवलं, आणि शेंडेफळ जुन्या शेडमध्ये नेऊन तेलाच्या नळाला शिशाचं सील ठोकलं.

अपघात झाला त्याच दुपारी बाईंनी शुक्रवारची ती बाटली उघडली होती. तळाशी कीस चमकत होता. बाईंनी दार लावून घेतलं, तेल बेसिनमध्ये ओतलं आणि नळ बराच वेळ चालू ठेवला.

महिन्याभरानं एका सकाळी टेबलावर बाटली दिसली. चिठ्ठीवर शेंडेफळाचा नंबर. चौकशीवाल्यांना पुन्हा तपासणी हवी असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. बाटली हातात घेतली तर कोमट. तेल गाळलं. कीस नव्हता, काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक. तीही कोमट. कालची कपाटात होती, तीही. बाईंनी थर्मामीटर बुडवला. सदतीस. नवा थर्मामीटर आणवला. सदतीस.

"उन्हात राहिली असेल," साहेब म्हणाले.

"कपाटात ऊन कुठून येणार, साहेब?"

"मग कपाट बदला," साहेब हसले आणि निघून गेले.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळं यार्ड गप्प होतं. एकही इंजिन चालू नव्हतं. बाटल्यांतलं तेल मात्र हलत होतं. मधोमध एक बारीक वलय उठायचं, काठाला जाऊन विरायचं, पुन्हा उठायचं. अगदी एका चालीत. बाईंनी स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली.

जुळत नव्हतं. त्यांचे ठोके फार भरभर पडत होते.

संध्याकाळी त्या चालकाच्या घरी गेल्या. दार त्याच्या बायकोनं उघडलं, पैलवानाच्या बहिणीनं. चालक खिडकीशी बसला होता.

"ही माझ्याशी बोलत नाही," तो म्हणाला. "बरोबरच आहे तिचं. ताई, आता मलाही आठवतं. हँडल एकवर होतं."

"नव्हतं," बाई म्हणाल्या. "शून्यावरच होतं." आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. शुक्रवार, सही, कीस, बेसिन.

तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. "मग या हाताला जे आठवतं, ते काय?"

बहीण भिंतीला टेकून उभी होती. तिचा आवाजही चढला नाही. "ओतताना हात थरथरला नाही का हो तुमचा?"

"नाही," बाई म्हणाल्या. ते खरं होतं.

सकाळी त्यांनी साहेबांपुढं कबुलीजबाब ठेवला. साहेबांनी दोनदा वाचला. "पण तुम्ही म्हणता त्या रोजच्या बाटल्या आणतं कोण?" त्यांनी फिटरला बोलावलं.

"मी नाही," फिटर म्हणाला. "पैलवान गेल्यापासून शेंडेफळाचं तेल कुणीच काढलं नाही. नळाला सील आहे. शेडची किल्ली तुमच्याकडेच आहे, साहेब."

तिघं शेडवर गेले. साहेबांनी कुलूप काढलं. शेजारच्या सिमेंटच्या डब्यांमुळं आत पांढरी धूळ बसली होती, फरशीवर नखभर जाड. फिटरनं वाकून सील पाहिलं. अखंड होतं. ते तोडून त्यानं गिअर उघडला. झडप किसानं गच्च धरलेली होती.

"चालक सुटला," साहेब हळूच म्हणाले. "तुमचं काही खरं नाही, बाई."

"हो," बाई म्हणाल्या. आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना श्वास पुरता घेता आला.

फिटर उठला नव्हता. तो नळाखालच्या फरशीकडे बघत होता. धुळीत दोन गुडघ्यांचे ठसे होते, शेजारी शेजारी, बाटली भरताना माणूस बसतो तसे. अंगानं अगदी हलक्या माणसाचे, जेमतेम उमटलेले.

या तिघांची सोडली तर तिथवर येणारी पावलं कुठंच नव्हती. परत जाणारीही.