पहिली वाटी मालकाची

जगाची चव जाऊन चोवीस वर्षं झाली, तरी बार्शीत अण्णांच्या आमटीपुढची रांग कमी झाली नाही. उलट वाढलीच. निश्चव तापाची साथ आली आणि ओसरली. माणसं वाचली, पण जिभेवरचे चव ओळखणारे बारीक कोंभ कायमचे जळाले. गूळ आणि साबण सारखेच लागू लागले. आता हॉटेलं ओस पडणार, असं शहाण्यांनी भाकीत केलं. शहाण्यांना माणसं कधी कळली आहेत? स्वतःची जीभ गेल्यावर लोक दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागले. ज्याचं नाव मोठं, त्याची आमटी चविष्ट.

अण्णा बुरगुट्यांचं नाव मोठं झालं ते तांब्याच्या तपेल्यामुळे. पूर्वी त्याला आतून कल्हई असायची, म्हणजे कथलाचा पांढरा मुलामा. साथीनंतर कुणीतरी झिजलेल्या कल्हईतून डोकावणाऱ्या लालभडक तांब्याचा व्हिडिओ काढला. तो लाखो लोकांनी पाहिला, आणि अण्णांनी उरलेली कल्हईही घासून टाकली. गिऱ्हाइकं आधी तपेल्याचा फोटो काढत, मग चिंचेची आमटी भुरकून डोळे मिटून म्हणत, "वा, काय चव आहे."

हॉटेलचा एक जुना नियम होता. रोज पहिली वाटी मालकाने सगळ्यांसमोर प्यायची. अण्णांच्या शेजारी बसून त्यांची बायकोही प्यायची. चार वर्षांपूर्वी ती गेली.

नाव झालं तरी अण्णांच्या मनात एक सल होता. "लोकं वा वा करत्यात," ते मुलीला, नलिनीला म्हणायचे, "पन त्यास्नी तरी काय कळतंय? एकदा खऱ्या जिभेनं सांगावं, मी ह्या नावाच्या लायकीचा हाय का न्हाई." म्हणून पुण्याच्या डॉक्टर शलाका देवस्थळींना प्रयोगासाठी पहिलं माणूस हवं होतं, तेव्हा नलिनीने आपलं नाव दिलं.

"जीभ म्हणजे एक वाफा समजा," डॉक्टरांनी तिला सांगितलं. "तुमच्याच पेशींपासून आम्ही चवीचे कोंभ वाढवले. आता वांग्याची रोपं लावतात तसे ते जिभेवर लावायचे. याला जिव्हारोप म्हणतो आम्ही."

"चवीपायी एवढा खटाटोप? लोकांचं तर काहीच अडलेलं नाही."

"चव काही फक्त मजेसाठी नसते हो. ती दारावरचा राखणदार असते. विटलेलं, विषारी आत जाऊ नये म्हणून निसर्गाने बसवलेला. चोवीस वर्षं आपण दार सताड उघडं टाकून झोपलोय."

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, सगळ्या रांगेदेखत अण्णांनी लेकीच्या हातात वाटी दिली. सहा महिन्यांपासून त्यांचे डोळे पिवळे दिसत होते. डॉक्टर बाजूला उभ्या होत्या.

नलिनीने घोट घेतला. आंबट लागलं, आणि पाठोपाठ जिभेच्या कडांना काहीतरी धातूचं, ओंगळ लागलं. ती अकरा वर्षांची होती तेव्हा आई याच तपेल्यातली आमटी चाखून तोंड वाकडं करायची आणि कल्हईवाल्याला बोलावणं धाडायची. आईचा शब्दही आठवला. नलिनी मोरीकडे धावली आणि थुंकली.

"अण्णा, कळकलंय."

रांगेतल्या तरुणांनी हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. डॉक्टरांना समजावून सांगावं लागलं. "कल्हई नसली की चिंच तांब्याला खाते. तांबं आमटीत उतरतं. रोज थोडं थोडं पोटात गेलं की यकृतात साठतं."

अण्णा भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघत होते.

"तिचं बी डोळं पिवळं झालं हुतं," ते म्हणाले. "दवाखान्यात इचारायचे, बाई दारू पितात का म्हनून."

वैरागचा एक म्हातारा कल्हईवाला शोधून आणला. नवसागराचा धूर निघाला, तपेलं आतून पांढरंशुभ्र झालं. दुसऱ्या दिवशी नलिनीने अख्खी वाटी संपवली. आमटी खरोखर अप्रतिम होती. "लायक आहात, अण्णा," ती म्हणाली, तेव्हा ते लहान मुलासारखे रडले.

गिऱ्हाइकं मात्र आठवडाभरात कुरकुरू लागली. पूर्वीची चव राहिली नाही, असं जो तो म्हणू लागला. त्यांतल्या एकालाही चव कळत नव्हती, आणि एकही जण खोटं बोलत नव्हता. रस्त्यापलीकडे नवं हॉटेल निघालं, लालभडक तपेल्याचं. नलिनीने तिथे जाऊन सांगून पाहिलं. धंदा बसला म्हणून जळते, असं लोक म्हणाले. डॉक्टरांच्या यादीत जिव्हारोपासाठी दुसरं नाव काही आलं नाही. दिवाळीपर्यंत अण्णांच्या बाकांवर धूळ साचली.

मग एका सकाळी नलिनी हॉटेलात आली, तर रांग थेट कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेलेली. तपेलं आतून लाल चमकत होतं. अण्णांची बोटं सोलवटली होती आणि मोरीपाशी झिजलेला पॉलिश पेपर पडला होता. त्यांनी पहिली वाटी भरून घेतली होती.

"अण्णा, मी सांगितलं होतं ना, तुम्ही लायक आहात म्हणून."

"तू एकटीच म्हनतीस, पोरी."

त्यांनी वाटी तोंडाला लावली. नलिनी रांगेकडे वळून ओरडली, "पिऊ नका, विष आहे त्यात. मला कळतंय." पुढे उभ्या असलेल्या माणसाने तपेल्यावर रोखलेला मोबाईल जरा खाली घेतला.

"ताई," तो म्हणाला, "रांगेनं या."