स्प्रिंग कधी दमत नाही

तुमच्यापैकी कुणी जुन्या मोटरसायकलचा क्लच दाबलाय का रे? आत्ताच्या गाड्यांचं नका सांगू, त्यांचा दोन बोटांनी दबतो. जुन्या गाडीचा विचारतोय. हात कोपरापर्यंत भरून येतो.

ज्याची ही गोष्ट, तो घड्याळवाला माझ्या चांगल्या ओळखीचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचा. उजव्या हातात चिमटा, डाव्यात घड्याळ. "उजवा नुसता काम करतो," म्हणायचा, "खरी परीक्षा डाव्याची. डावा हलला की संपलं." आणि क्लच दाबायचा तो याच डाव्या हातानं. घरापासून दुकान चौदा किलोमीटर. जाताना क्लच, येताना क्लच.

गाडी होती सासऱ्यांची. ते गेल्यावर सासूबाईंनी ती मुलाला न देता जावयाला दिली, कारण मुलानं ती दोनदा खांबावर घातली होती. तोच हा मेहुणा पुढं नोकरी शोधायला म्हणून बहिणीकडं राहायला आला. तोंडाळ, पण मनानं वाईट नव्हता. रोज गाडी निघताना दारात उभा राहायचा. "दाजी, गाडीला माणसाचे हात लागतात. तुमचे नुसते काटे आहेत."

बहीण हसायची. घड्याळवाला हसायचा नाही.

कारण त्याच सुमारास क्लच जड व्हायला लागला. गॅरेजवाल्यानं केबल बदलली, तेल सोडलं, शेवटी हँडलवरची लिव्हरसुद्धा नवी टाकली. संध्याकाळी लिव्हर लोण्यासारखी दबायची आणि सकाळी पुन्हा दगड. दुकानात पोचेपर्यंत डावा हात थरथरायला लागायचा. एका आठवड्यात तीन घड्याळं बिघडली त्याच्या हातून. तिसरं ज्याचं होतं तो माणूस घड्याळ खिशात टाकून सरळ समोरच्या दुकानात गेला. पोटावरच पाय आला की रे!

"रात्रीत कुणीतरी केबल आवळतंय," तो बायकोला म्हणाला.

"कोण आवळणार? घरात आपण तिघं."

"तेच म्हणतोय मी."

बायको समजायचं ते समजली. "अहो, तो आळशी आहे. रात्री उठून एवढं काम करायला तो दिवसा तरी करतो का?"

पण संशयाला डोकं असतं कुठं? घड्याळवाल्यानं बायकोचं नेलपेंट घेतलं आणि केबलच्या नटावर बारीक ठिपका दिला, अर्धा नटावर, अर्धा लिव्हरच्या पट्टीवर. नट जरा फिरला तरी ठिपका तुटणार. सकाळी पाहिलं. ठिपका जसाच्या तसा. आणि लिव्हर दगड. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नटाला हात लागलेला नाही. हा काय म्हणाला? म्हणाला, बेटा हुशार झालाय, ठिपका परत जुळवून ठेवतो!

मग आली शनिवारची रात्र, महिन्याची नऊ तारीख. बायको झोपली. मेहुणा आपल्या खोलीत घोरायला लागला. घड्याळवाल्यानं त्या खोलीला हळूच बाहेरून कडी लावली. पाव्हण्याच्या खोलीला बाहेरून कडी... पण लावली.

गाडी असायची घराशेजारच्या बोळात. बोळ अरुंद, पुढून बंद, गाडीचं पुढचं चाक भिंतीला टेकलेलं. हा सीटवरच बसला. कुणाला हँडलपर्यंत यायचं तर याच्या अंगावरून यावं लागलं असतं. दिवा घालवला. क्लच दाबून पाहिला. लोणी.

बारा वाजले. एक वाजला. मेहुण्याचं घोरणं भिंतीतून येत होतं, आणि कडी लागलेली होती. घड्याळवाल्याला वाटलं, आज काही होत नाही. उद्या त्याला सांगून टाकू, दुसरीकडं सोय बघ.

दोन वाजून सतरा मिनिटं. वेळ त्यानंच सांगितली, मिनिटाचीही चूक नाही. उगीच चाळा म्हणून त्यानं क्लच दाबला...

दबेना.

त्यानं जोर लावला. लिव्हर जरा आली. थांबली. मग आणखी जरा आली... आणि परत मागं गेली.

अरे, त्याचं सगळं आयुष्य स्प्रिंगमध्ये गेलेलं. स्प्रिंग ओढते ती सारखी ओढते. स्प्रिंग कधी दमत नाही. विसावा घेत नाही. पकड बदलत नाही.

ही बदलत होती.

त्यानं हात काढला नाही. काढवेना. पुढं काळोख. काळोखात भिंत. आणि भिंतीच्या अलीकडं, हँडलच्या पलीकडं... कुणीतरी लिव्हर धरली होती.

"सोड," तो म्हणाला.

लिव्हर हलली नाही.

"सोड ना..."

घोरणं थांबलं होतं. कधी थांबलं, त्याला कळलं नव्हतं.

भिंतीमागून मेहुण्याचा आवाज आला. झोपेतला, पण घाबरलेला. "दाजी? दाराला कडी कुणी लावली?"

हा अजून लिव्हर धरूनच.

"दाजी... तुम्ही बोळात आहात ना?"

"हो."

"मग आत्ता इथं माझ्या खोलीत खोकलं कोण?"

...

हातातली लिव्हर एकदम सैल पडली.

कडी काढायला त्याला किती वेळ लागला, ते घड्याळवाला असून त्याला सांगता आलं नाही. मेहुणा दारात उभा होता. घड्याळवाल्यानं सगळं सांगितलं. ठिपक्याचं, संशयाचं, लिव्हर पलीकडून धरल्याचं. हात जोडले. मेहुण्यानं ऐकून घेतलं. पहिल्यांदाच त्याला चेष्टा सुचली नाही.

"पलीकडं कुणी असेल, नाहीतर नसेल, दाजी," तो म्हणाला. "कडी तर तुम्हीच लावलीत."

सकाळी सातच्या बसनं तो निघून गेला. बहिणीनं हात धरला तरी थांबला नाही. नऊ वाजता गॅरेजवाल्यानं येऊन आपणच टाकलेली नवी लिव्हर खोलली आणि घड्याळवाल्याच्या हातात दिली. त्यानं भिंग लावून पाहिलं. बाहेरची बाजू, जिथं चालवणाऱ्याचा जोर पडतो, ती कोरी करकरीत होती. आतल्या बाजूला, पलीकडून ओढणाऱ्यानं धरावं तिथं, चार बोटांच्या खाचा होत्या, जुन्या दगडी पायरीसारख्या झिजून गुळगुळीत झालेल्या.