येळ्ळूरचा कन्नडवाला

पारमिताच्या डोक्यावर दोन जाडजूड पुस्तकं आदळली, तिथून हे सगळं सुरू झालं.

बेळगावातल्या मिशनच्या विद्यापीठाची लायब्ररी. स्टुलावर उभा राहून वरच्या फळीवरचं पुस्तक ओढणारा नागेंद्र, एमए कन्नडचा. खाली ही, निपाणीची, एमए मराठीची. त्यानं घाबरून कन्नडमध्ये विचारलं, फार लागलं का? हिनं कपाळ चोळत होतं नव्हतं तेवढं कन्नड गोळा केलं अन् म्हणाली, "हौदरी." व्हय म्हणाली. अन् मग त्याचे डोळे बघून हसली...

झालं! पुढं रोज कँटीनचा चहा. कन्नडमधनंच गप्पा, कन्नडमधनंच रुसवे. तो अडखळला की हिला वाटायचं, लाजतोय बिचारा. एक दिवस उकळता चहा त्याच्या हातावर सांडला.

"आई गं! मेलो!"

पारमिता बघतच राहिली. "तू... मराठी?"

"येळ्ळूरचा, पक्का मराठी. आन् तू?"

दोघं इतके हसले, की कँटीनच्या राजाबाई कावल्या. पण मराठीत एकमेकांशी बोलायची मात्र आता लाज वाटायला लागली. नुसतं नाव घेतलं तरी पोरीचे कान तापायचे.

हसू ओसरल्यावर खरं बाहेर आलं. नागेंद्रचे वडील मारुतीराव सीमाप्रश्नाच्या एकूण एक मोर्च्यात पुढं असलेला माणूस. कन्नड कवितेवर जीव जडला, हे त्यांना सांगायची पोराची छाती नव्हती. घरी सांगितलं होतं, इंग्रजी शिकतोय.

अन् नाताळ आला. या विद्यापीठाची रीत न्यारी. नाताळच्या सभेत बायबलातला शास्त्रपाठ वाचायचा तो आपल्या नव्हे, दुसऱ्याच्या मायबोलीत, अन् तोही पालकांसमोर. कन्नड पाठाला नाव निघालं नागेंद्रचं. त्यानं लगेच घसा बसल्याचं सोंग घेतलं.

पारमिताला राग आला, अन् रडूही. "ज्याला घरात आपला विषय सांगता येत न्हाय, तो माझं नाव काय सांगणार? आधी वाच. मग माझ्याशी बोल."

सभेत त्याचं नाव पुकारलं. कुणी उठेना. पारमिता जमिनीकडं बघत बसली. मग तो आवाज आला... स्वच्छ, ठाम, शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता. मागच्या बाकावर मारुतीराव ताठ बसून होते.

सभा सुटली तशी नागेंद्र हिचा हात धरूनच त्यांच्यापुढं गेला.

"आप्पा, मी खोटं बोललो. मी कन्नड शिकतोय. आन् ही पारमिता. लगीन करीन तर हिच्याशीच."

"कुणाची गं तू?"

"निपाणीच्या भीमरत्न कांबळ्यांची," तिनं मान वर करून सांगितलं.

मारुतीरावांना कळायचं ते कळलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"खडेबाजारात भाजी इकताना रोज कन्नड बोलतोय मी," ते पोराला म्हणाले. "तुझ्यापेक्षा बरं बोलतोय. चोरून कशाला शिकलास रं?" मग हिच्याकडं वळले. "त्याचं कळलं. तुला पसंत हाय का ह्यो?"

मराठीची एमए पोरगी, पण एक मराठी शब्द आठवेल तर शपथ!

"हौदरी," ती म्हणाली.

मारुतीराव गदगदून हसले, अन् दोघांनाही घेऊन घरी जेवायला निघाले.