आवाजबंद खोलीतला हिरवा दिवा

माझा साडू त्या रात्री फक्त एक यंत्र आणायला गेला होता. एवढंच काम. जा, उचल, ये. आधी ते कानातले इयरफोन काढा दोघांनी, आणि मध्येच खिदळायचं नाही, नाहीतर मी आपला झोपायला मोकळा.

साडू कान तपासायचा. पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका कारखान्यात दर वर्षी सगळ्या कामगारांचे कान बघायचे, ही त्याची नोकरी. कपाटाएवढी आवाजबंद खोली, आत खुर्ची, कानाला हेडफोन, हातात बटण. साडू बाहेर यंत्रावर बसून बारीक बारीक आवाज सोडणार. ऐकू आला की आतल्याने बटण दाबायचं, मग बाहेर हिरवा दिवा लागतो. मध्ये काच असते.

कानाच्या आत शंखासारखी वळलेली नळी असते बघा. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक केस. आवाजाने ते हलतात, म्हणून आपल्याला ऐकू येतं. रोज आठ तास धाडधाड चालली की ते मरतात, आणि गेलेले परत उगवत नाहीत. माझ्या टकलाकडे काय बघतोस रे?

तर तिथे प्रेसवर, म्हणजे पत्रा ठोकायच्या यंत्रावर, एक मिस्त्री होता. त्याच्या वेळी दिवा लागेचना. साडू आवाज वाढवत गेला, वाढवत गेला, तरी नाही. मिस्त्री बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, खरं ते लिहा. मला दुसऱ्या खात्यात टाकतील. मागून गाडी आली तरी कळत नाही हो मला."

साडूने मान डोलावली. आणि भरपाई टाळणाऱ्या मॅनेजरची मर्जी राखायला त्याने तपासणीचा कागद फाडून टाकला, मागच्या वर्षीचे आकडे उतरवले. दोन्ही कान उत्तम. माझा साडू असला म्हणून काय झालं, हरामखोरपणा केला त्याने!

दीड महिन्याने एक दिवस मालाची गाडी मागे येत होती. भोंगा वाजत होता. मिस्त्री वाकून काम करत होता... जागीच गेला. चौकशीत साडूचा कागद निघाला. कान उत्तम, म्हणजे माणूसच निष्काळजी. मिस्त्रीची बायको साडूच्या दारात आली. म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं." साडूने दार लावून घेतलं.

आता ती रात्र. गेल्या फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार, अकरा वाजून चाळीस मिनिटं. सकाळी मालकाच्या दुसऱ्या कारखान्यात तपासणी होती, म्हणून साडू इथे यंत्र न्यायला आला. रखवालदाराने किल्ली दिली आणि तो फाटकावर परत गेला. नेण्याआधी यंत्र चालतंय का बघावं, म्हणून साडूने एक आवाज सोडला.

हिरवा दिवा लागला.

वायर सैल असेल, असं त्याला वाटलं. काचेतून पाहिलं. खुर्ची रिकामी. बटण खुर्चीवर पडलेलं. त्याने आवाज कमी केला. दिवा लागला. आणखी कमी केला, कुठल्याही माणसाला ऐकू येणार नाही इतका. दिवा लागला. कागदावर कान उत्तम लिहिले होते ना? मग आतल्याला सगळं ऐकू येत होतं.

साडूने यंत्राचा प्लग काढला.

दिवा लागला... विझला... लागला... विझला. आणि त्याच तालावर भोंगा सुरू झाला. गाडी मागे घेतानाचा.

साडूने दोन्ही कानांत बोटं घातली.

आवाज वाढला.

तुम्ही कान बंद करून गुणगुणून बघा. बाहेरचं कमी होतं, पण आपल्याच हाडांतून येणारं मोठं होतं. साडूला हे पाठ होतं. म्हणून तर त्याला लगेच कळलं. भोंगा बाहेर नव्हताच...

"मिस्त्री, चुकलो!" तो ओरडला.

भोंगा थांबला. सगळंच थांबलं. कानांतून बोटं काढताना हातातली किल्ली खाली पडली. खळ्ळ नाही, काही नाही.

तेव्हापासून साडू ठार बहिरा आहे. त्याने दोन ठिकाणी तपासून घेतलं. आत बसला, काही ऐकू आलं नाही, बटणाला हात लावला नाही. दोन्हीकडे एकच अहवाल. कान उत्तम. रजेचा अर्ज केला, तर मॅनेजर म्हणाले, नाटकं करू नका. आता तो त्याच कारखान्यांतून, त्याच गाड्यांमधून चालतो. दर दोन पावलांना मान वळवून मागे बघतो. परवा एक गाडी वीतभर अंतरावर थांबली.

"काका, मग मिस्त्रीबद्दल खरं लिहून दिलं का त्यांनी?"

नाही ना दिलं अजून! नोकरी जाईल म्हणतो. मी पाटीवर लिहून लिहून दमलो, अरे बाबा, एकदाचं लिही आणि मोकळा हो. ऐकत नाही.

तिसऱ्या तपासणीला मी स्वतः गेलो. परवानगी घेऊन बटणाची वायर यंत्रातून उपटली आणि बटण माझ्या खिशात घातलं. साडू आत बसला. रिकामे हात मांडीवर. डॉक्टरीणबाईंनी पहिला आवाज सोडला.

हिरवा दिवा लागला.

दुसरा. लागला. तिसरा...

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी काचेकडे बघत होतो. आतून साडू हाताने विचारत होता, सुरू झालं का?