एक ड्रॉपर आणि मडकंभर पानक

"थांबा, कुणी पिऊ नका ते! पानकात किडे आहेत!"

मुग्धा जिन्यावरून ओरडतच खाली आली. मराठी, हिंदी, मोडकं कन्नड, जे तोंडाला आलं त्यात ओरडली.

गेटपाशी रामनवमीची रांग लागली होती. बंगळूरच्या इंदिरानगरातल्या त्या गल्लीत मथुराअक्कांचं पानक प्यायल्याशिवाय कुणाची रामनवमी साजरी होत नसे. गूळ, लिंबू, सुंठ नि वेलची घातलेलं गार पाणी मोठ्या मडक्यातून येईल त्याला मिळायचं. मग तो रिक्षावाला असो, नाहीतर समोरच्या बंगल्यातले साहेब. आता सगळ्यांचे पेले ओठांपाशीच अडले.

"किडे?" अक्कांनी पळी खाली ठेवली. "माझ्या पानकात?"

"नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, अक्का. पण मी आत्ता मायक्रोस्कोपमधून पाहिले. चपलेच्या तळव्यासारखे, लांबुळके, नुसते पळत होते. विराटच्या पोटात गेलेत ते हेच."

विराट हा अक्कांचा धाकटा नातू. खालच्या मजल्यावर अक्कांचं कुटुंब राही, मूळचं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरातलं. वरच्या मजल्यावर मुग्धाचं, बाबांच्या कंप्युटरच्या नोकरीपायी पुण्याहून आलेलं. विराटचं पोट आठवडाभर बिघडलेलं होतं आणि 'पाण्यातून काहीतरी गेलंय' असं डॉक्टर म्हणाले होते. ते काहीतरी आपणच शोधायचं, हे मुग्धानं तेव्हाच ठरवलं. मामानं वाढदिवसाला पाठवलेला मायक्रोस्कोप होताच, आणि सुट्टीही लागली होती.

रांगेतल्या एका बाईंनी आपल्या मुलाच्या हातातला पेला काढून घेतला. मग दुसरीनं. बघता बघता रांग विरघळली.

 अक्कांनी मडकं उचललं, नारळाच्या बुंध्याशी नेलं नि पालथं केलं.

"नारळाचं पोट बिघडत नाही," एवढं म्हणून त्या आत गेल्या. दार लागलं.

मुग्धाला वाटलं होतं, निदान एकजण तरी शाबास म्हणेल.

दुपारी भूमिका वर आली. विराटची थोरली बहीण, मुग्धाएवढीच. नेहमी ती जिन्यातूनच बडबड सुरू करायची. आज गप्प होती.

"दाखव तुझे किडे."

"पानक तर अक्कांनी ओतून दिलं."

"मग दुसरं काही दाखव. उकळलेल्या पाण्यात नसतात ना?"

"छे. उकळल्यावर कसे असतील?"

"ते दाखव. म्हणजे नसलेले कसे दिसतात ते कळेल मला."

मुग्धानं आईच्या उकळलेल्या पाण्याच्या कळशीत ड्रॉपर बुडवला, काचपट्टीवर थेंब टाकला, आरसा खिडकीकडे वळवला आणि नळीला डोळा लावला. मग बराच वेळ तिनं डोळा काढलाच नाही.

"काय गं? झोप लागली?"

चपलेच्या तळव्यासारखा एकजण ऐटीत समोरून निघून गेला. त्याच्यामागून दुसरा.

भूमिकानं तिला बाजूला सारून स्वतः पाहिलं. "वा! म्हणजे तुमच्या कळशीतही आमच्या अक्कानंच सोडले काय?"

भूमिकाची नजर खोलीभर फिरली आणि खिडकीतल्या जॅमच्या बाटलीवर थांबली. आत हिरवट, गढूळ पाणी होतं.

"हे काय? केवढा वास!"

"प्रयोग आहे. वाळकं गवत पाण्यात ठेवलं की त्यात बारीक जीव वाढतात. रोज बघते मी."

"आणि ह्यातला थेंब कशानं काढतेस?"

मुग्धानं हातातल्या ड्रॉपरकडे पाहिलं. मामाच्या खोक्यात एकच ड्रॉपर होता. सकाळी तो आधी बाटलीत गेला होता आणि मग, तसाच, पानकात.

तिचे कान इतके तापले की दुखायला लागले. नारळाच्या बुंध्याशी वाकलेली अक्कांची पाठ डोळ्यांपुढून हलेना.

"चल खाली," भूमिका म्हणाली. आता तिचा आवाज जरा मऊ झाला होता. "मी येते बरोबर."

अक्का स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या.

"अक्का, माझी चूक झाली. किडे माझ्या ड्रॉपरमधले होते. तुमचं पानक चांगलं होतं."

अक्कांनी एक खडा बाजूला टाकला. "सरी, ठीक आहे. पण हे माझ्या कानात कशाला सांगतेस? ओरडलीस कुठं?"

"गेटवर."

"मग?"

मुग्धा उंबऱ्यात उभी राहिली. रडू आवरत होती. थोड्या वेळानं अक्काच म्हणाल्या, "पानकाचं पाणी मी पहाटे सोवळ्यात भरते. रस्त्याकडच्या नळाला कावेरीचं पाणी येतं तेव्हा थेट. अंगणाखालच्या टाकीतलं पाणी देवाला घेत नाही मी. त्या झाकणाला कोण कोण हात लावतं!"

दोघी मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं. विराट तर खेळता खेळता बागेतल्या नळालाच तोंड लावायचा, आणि त्या नळाला टाकीचं पाणी यायचं.

या वेळी मुग्धानं घाई केली नाही. प्रत्येक थेंबाआधी ड्रॉपर नि काचपट्टी उकळून घेतली, आणि आधी ताजं उकळलेलं पाणी पाहून ड्रॉपर स्वच्छ असल्याची खात्री केली. रस्त्याकडच्या नळाच्या पाण्यात काही दिसलं नाही. बागेतल्या नळाच्या पाण्यात वळवळ होती. टाकीच्या पाण्यात तर जत्राच भरली होती.

"पण टाकीत हे सगळं आलं कुठून?" भूमिका म्हणाली.

मुग्धाला ते आधीच दिसलं होतं आणि दिसायला नको होतं. झाकणाचा एक कोपरा तुटलेला होता. त्याच झाकणावर बाबा रोज स्कूटर उभी करून धूत. चिखल, शेण, पाचोळा, सगळं तिथंच.

सकाळी ज्या तोंडानं अक्कांचं नाव घेतलं, त्याच तोंडानं आता बाबांचं घ्यायचं होतं. घ्यायलाच हवं होतं.

"इम्पॉसिबल," बाबा म्हणाले. "लोखंडी झाकण आहे, मुग्धा. आत थेंबसुद्धा जात नाही. मायक्रोस्कोपनं सकाळी एक गोंधळ घातलाय, तेवढा पुरे."

ते मात्र खरंच होतं. भूमिकानं तिला कोपरानं ढोसलं.

"काका, आज स्कूटर आम्ही धुऊन देऊ?"

"अरे वा! धुवा की."

दोघींनी बीट किसून बादलीभर पाण्यात पिळलं होतं. गुलाबी पाणी पाहून बाबा हसले, "हा काय नवीन शांपू?" स्कूटर धुऊन झाली. मग मुग्धा म्हणाली, "बाबा, आता झाकण उचला."

बाबांनी स्कूटर सरकवली, झाकण उचललं आणि आत वाकले. टाकीच्या भिंतीवरून गुलाबी ओघळ शांतपणे पाण्यात उतरत होते.

बाबा उठले तेव्हा त्यांचेही कान लाल झाले होते. रविवारी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांनी स्वतः टाकी घासली नि नवं झाकण बसवलं. विराटही हिंडूफिरू लागला.

"शाबास पोरींनो!" अक्कांचे यजमान मल्हारराव म्हणाले. "डॉक्टरला नाही सापडलं ते तुम्ही पकडलंत."

ज्या शब्दाची रामनवमीला वाट पाहिली होती, तो आता आला आणि मुग्धा जमिनीकडे बघत राहिली.

त्यानंतरच्या शनिवारी अक्कांनी पुन्हा पानक केलं. कोपऱ्यावरच्या मांडवात रामोत्सवाची भजनं अजून चालूच होती. मडक्याशेजारी मुग्धा उभी राहिली आणि भूमिकानं पढवलेलं वाक्य म्हणू लागली, "तप्पु नन्नदु. चूक माझी. पानक चांगलंच होतं." पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. त्या दिवशी मुलाच्या हातातून पेला काढून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "पुन्हा सांग, ऐकू नाही आलं." तिनं पुन्हा सांगितलं. येईल त्याला सांगितलं.

शेवटी अक्कांनी तिच्या हातात पेला दिला. ती तो ओठांना लावणार तोच म्हणाल्या, "स्वल्प थांब. आधी बघ."

"नको, अक्का. विश्वास आहे माझा."

"माझ्यावर असू दे. ड्रॉपरवर नको. उकळून आणलायस?"

मुग्धानं खिशातून स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला ड्रॉपर काढला. मायक्रोस्कोप वरून आला. अक्कांनी चष्मा कपाळावर चढवला, नको तो डोळा मिटला, मग बरोबर मिटला.

"हे काय गं, काळं?"

मुग्धानं पाहिलं. "वेलची, अक्का."

"आणखी काही?"

"काही नाही. नुसती वेलची."

"मग मला काय सांगतेस?" अक्कांनी रांगेकडे बोट दाखवलं. "ओरड."

कान पुन्हा तापले. मुग्धानं छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"पानकात वेलची आहे!"